एका कुलमातेचा वारसा

(धर्मग्रामाच्या ज्युबिली वर्षी, आजी-आजोबांच्या दिनी दिलेले भाषण)



या मंगल वर्षी आपण आपल्या धर्मग्रामाचा इतिहास आठवीत आहोत. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोणी दिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनी येथे सेवा केली, हे सारे या स्मरणपुस्तकात नमूद होईल व ते योग्यच आहे. परंतु ज्या वृद्ध स्त्रियांनी आपला इवलासा हात धरून कपाळावर क्रूसाची खूण करावयास शिकविले, त्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नसतात. म्हणून आज आम्ही आपणांपुढे एका आजीबाईंचे चरित्र ठेवू इच्छितो. त्यांचे नाव रोझा वासाल्लो. परमगुरुस्वामी पोप फ्रान्सिस यांच्या पित्याच्या त्या मातोश्री. याच परमगुरुस्वामींनी २०२१ साली जुलै महिन्याचा चौथा रविवार हा आजी-आजोबांचा व वृद्धांचा जागतिक दिन म्हणून नेमून दिला. आजीचे मोल त्यांना कोठे कळले, हे या चरित्रावरून ध्यानात येईल.

रोझाबाईंचा जन्म १८८४ साली उत्तर इटलीतील लिगुरिया प्रांती एका लहानशा खेड्यात झाला. पुढे त्या तुरीन शहरी आल्या. तेथे १९०७ साली जोव्हान्नी बर्गोलिओ यांच्याशी त्यांचा विवाह झाला व पुढील वर्षी मारियो हा पुत्र जन्मास आला. नंतर हे कुटुंब आस्ती या गावी राहावयास गेले. रोझाबाई घरापुरत्याच जगणाऱ्या नव्हत्या. कॅथॉलिक अ‍ॅक्शन या संघटनेत त्या स्त्रियांपुढे भाषणे करीत. तो काळ मुसोलिनीच्या अमलाचा होता व अशी भाषणे सरकारास रुचत नसत. एकदा सभागृहाची दारे बंद करण्यात आली, तेव्हा त्यांनी रस्त्यातच उभे राहून आपले भाषण पुरे केले, असे सांगतात.

जोव्हान्नी यांचे बंधू पूर्वीच आर्जेंटिना देशी जाऊन व्यापारात स्थिरावले होते. त्यांच्याकडे जाण्याचे ठरले व ‘प्रिन्सिपेसा माफाल्दा’ या आगबोटीची तिकिटेही घेतली गेली. परंतु येथील मालमत्ता वेळेवर विकली न गेल्यामुळे प्रवास लांबला. तीच आगबोट ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली व तीनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ईश्वराची योजना त्या त्या वेळी आपणांस अडचणच वाटते. ती योजना होती, हे मागाहून उमगते.

अखेर १९२९ सालच्या आरंभी हे कुटुंब ब्युनोस आयरेस बंदरात उतरले. पृथ्वीच्या त्या भागी तेव्हा भर उन्हाळा असतो. तरीही रोझाबाईंच्या अंगात कोल्ह्याच्या कातड्याची गळपट्टी असलेला जाडजूड कोट होता. पाहणारांस नवल वाटले असेल. परंतु त्या कोटाच्या अस्तरात, घरदार विकून आलेला सारा पैसा त्यांनी शिवून ठेवला होता.

त्या पैशाचे पुढे काय झाले? पाराना शहरी बर्गोलिओ बंधूंची चार मजली हवेली होती. तीन वर्षे सुखात गेली. मग जगभर पसरलेल्या मंदीने व्यापार बुडाला. १९३२ साली हवेली गेली, कुटुंबाच्या थडग्याची जागासुद्धा विकावी लागली. ज्यांनी कोटाच्या अस्तरात संपत्ती आणली, त्यांनीच दोन हजार पेसो कर्जाऊ घेऊन ब्युनोस आयरेस येथे किराणा मालाचे दुकान मांडले. अस्तरातला वारसा असा संपला. दुसरा वारसा कसा टिकला, ते आता ऐकावे.

१९३६ साली मारियोस पहिला पुत्र झाला. त्याचे नाव होर्हे. दुसरे मूल झाल्यावर आईवर कामाचा भार पडला, तेव्हा आजी दररोज सकाळी येऊन होर्हेला आपल्या घरी नेत व सायंकाळी परत आणून सोडीत. आजी-आजोबा आपसांत पिएमोंत प्रांताची बोली बोलत. ती त्या मुलाने ऐकता ऐकता उचलली. प्रार्थना तो आजीजवळ शिकला, संतांच्या गोष्टी त्याने आजीच्या तोंडून ऐकल्या. उत्तम शुक्रवारी मेणबत्त्यांच्या मिरवणुकीत ख्रिस्ताची निजलेली मूर्ती आली, की आजी नातवंडांस गुडघे टेकावयास लावीत. प्रभू आता मरण पावला आहे, परंतु तो पुन्हा उठणार आहे, असे त्या त्यांना सांगत. पुनरुत्थानाचे सारे धर्मशास्त्र त्या एका वाक्यात आले. आम्ही सेमिनरीत त्यासाठी जाडजूड ग्रंथ वाचले, तरी त्याहून निराळे काही आमच्या हाती लागले नाही.

एकदा रस्त्याने साल्व्हेशन आर्मीच्या दोन स्त्रिया जाताना दिसल्या. या मठवासिनी आहेत काय, असे लहानग्याने विचारले. आजी उत्तरल्या, नाहीत, त्या प्रॉटेस्टंट आहेत, पण चांगल्या आहेत. त्या काळी अशी वाणी थोड्यांच्याच मुखी होती. धनाविषयी बोलताना कफनाला खिसा नसतो, असे त्या म्हणत. २०१३ साली, परमगुरुपदी आल्यावर काही दिवसांतच, झावळ्यांच्या रविवारी त्यांच्या नातवाने हेच बोल साऱ्या जगास ऐकविले. ज्या बाईने एकदा कोटात पैसा शिवला होता व तो जाताना पाहिला होता, तिच्या तोंडी या बोलाला केवढे वजन असेल!

नातवाने धर्मगुरू होण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा मातेचे मन घुटमळले. आजी म्हणाल्या, देव बोलावीत असेल तर धन्य आहे. पण या घराचे दार सदैव उघडे आहे, परत यावेसे वाटले तर तुला कोणी बोल लावणार नाही. आईबापहो, मुलांना देवाच्या हाती सोपविताना त्यांचे स्वातंत्र्यही त्यांच्या हाती कसे ठेवावे, हे येथे शिकावे. गुरुदीक्षेचा दिवस आपल्या दृष्टीस पडेल की नाही, या शंकेने त्यांनी आशीर्वादाचे पत्र आधीच लिहून ठेवले होते. परंतु १३ डिसेंबर १९६९ रोजी तो सोहळा त्यांनी पाहिला. दुःखाच्या व वियोगाच्या प्रसंगी पवित्र साक्रामेंतापुढे सोडलेला एक निःश्वास आणि क्रूसाखाली उभ्या असलेल्या मरीयेकडे टाकलेली एक दृष्टी खोल जखमेवरही मलम होते, असा त्या पत्राचा आशय. ते लिहिणाऱ्या स्त्रीने पुत्राचा व पतीचाही वियोग सोसला होता. ते पत्र नातवाने आपल्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवले. १ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाची नव्वद वर्षे पुरी करून, रोझाबाई प्रभूठायी निजल्या.

संत पौलाने तीमथ्याला लिहिताना, त्याचा विश्वास प्रथम त्याच्या आजीच्या, लोईसच्या, अंतःकरणी होता, याची आठवण करून दिली आहे. तीच परंपरा येथे दिसते.

आता आपल्याविषयी दोन शब्द. रोझाबाईंनी सांगितलेली एक गोष्ट परमगुरुस्वामींनी २०१५ साली कथन केली होती. एका म्हाताऱ्या आजोबांच्या हातून सूप सांडे. चारचौघांत लाज वाटते म्हणून मुलाने त्यांना स्वयंपाकघरात निराळे मेज मांडून दिले. काही दिवसांनी त्याचा लहानगा हातोडा व खिळे घेऊन लाकूड ठोकीत बसलेला दिसला. काय करतोस, असे विचारता तो म्हणाला, बाबा, तुम्ही म्हातारे झालात म्हणजे तुम्हांला जेवावयास मेज करतो आहे. त्याच वेळी परमगुरुस्वामींनी वृद्धाश्रमातील एका मातेचीही हकीकत सांगितली. मुले नेहमी भेटावयास येतात, असे ती म्हणे. शेवटी केव्हा आली, तर नाताळात. आणि तो महिना होता ऑगस्ट.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही अशी निराळी मेजे मांडलेली आहेत. कोठे मुले परदेशी आहेत, कोठे ती एकाच छपराखाली असून दूर आहेत. सायंकाळची जपमाळ आजी एकटीच ओढते आणि नातू पलीकडच्या खोलीत असतो. ती गेल्यावर घर, वाडी, दागिने यांची वाटणी होईल, त्यासाठी कागदही होतील. परंतु तिच्या ओठी असलेली प्रार्थना कोणत्याही कागदाने मिळणार नाही. ती तिच्याजवळ बसूनच घ्यावी लागते, आणि ती जिवंत असतानाच.

म्हणून ज्युबिलीची आणखी एक वर्गणी आम्ही आपणांकडे मागतो. आज सायंकाळी आपापल्या घरच्या वृद्धांजवळ मुलांना घेऊन बसा. ज्यांचे कोणी नाही, त्यांच्या दारी शेजाऱ्याने जावे. दिवा लावा, आणि जपमाळेचा आरंभ आजीला करू द्या.

देवमातेची माता संत अ‍ॅना आपल्या सर्व कुटुंबांसाठी विनंती करो, आणि परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.