निवृत्त नौकेची नोंदवही



सातपाटी, मुरबे, नवापूर, तारापूर या गावांतील शाळांत बसणाऱ्या अनेक मुलांचे वडील समुद्रावर असतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळात भरकटलेली एक बार्ज पालघरच्या किनाऱ्याजवळ रुतली व तिच्यावरील १३७ जणांना हेलिकॉप्टरांनी सुखरूप बाहेर काढले, हे त्यांनी घरी ऐकलेले असते. हेलिकॉप्टर नव्हते, तेव्हा बुडत्यास कोण वाचवीत असे? याचे उत्तर एका निवृत्त नौकेच्या सेवेत सापडते.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर क्रोमर हे गाव आहे. तेथील ‘एच. एफ. बेली’ ही जीवरक्षक नौका १९३५ ते १९४५ या काळात १२८ वेळा समुद्रात उतरली आणि तिने ५१८ प्राण वाचविले. तिचा तांडेल हेन्री ब्लॉग हा खेकडे पकडून पोट भरणारा कोळी होता. ६ ऑगस्ट १९४१ रोजी वाळूच्या पट्ट्यावर रुतलेल्या जहाजांवरून या एका नौकेने ८८ जणांना सोडविले. आज ती क्रोमरच्या संग्रहालयात विसावली आहे. प्रत्येक फेरीची नोंद ठेवण्याची शिस्त तेथे होती, म्हणूनच हे आकडे आज सांगता येतात.

आपल्या किनाऱ्यावरही असे धैर्य दिसले आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे दगावली. मासळी घेऊन मुंबईकडे येणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी हाती लागतील तेवढ्यांना आपल्या होड्यांत ओढून घेतले. त्या होड्या मासेमारीच्या होत्या. अशी होडी जुनी होऊन मोडली, की तिचे लाकूड चुलीत जाते आणि तिची हकीकत सांगणाऱ्या वृद्धाबरोबर संपते.

यास्तव किनाऱ्यावरील प्रत्येक शाळेने एक वही घालावी. तिसरी-चौथीच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून होडीचे नाव, साल, वादळ आणि वाचलेल्यांची संख्या तीत लिहावी. स्वतः पाहिलेले कोणते व ऐकीव कोणते, हे वेगळे नोंदवावे. त्याच पानावर आणखी एक रकाना असावा : होडीत जीवरक्षक जाकिटे किती होती? ‘एकही नव्हते’ असे उत्तर लिहिणारे मूल सायंकाळी घरी जाऊन तोच प्रश्न आपल्या वडिलांस विचारील. वहीचा खरा उपयोग तेथून सुरू होईल.