कोळंबीचा रंग आणि कोळंबीचे आरोग्य

(कोळंबी संवर्धकांच्या मेळाव्यातील भाषण)



कढईत पडताच कोळंबी तांबडी होते, हे कोकणातील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तो रंग कोळंबीच्या अंगात मुळातच असतो. ॲस्टॅझँथिन हे कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्य जिवंतपणी प्रथिनाशी बांधलेले असल्याने ती निळसर करडी दिसते. उष्णतेने ती गाठ सुटते, एवढेच.

हे द्रव्य कोळंबी स्वतः निर्माण करू शकत नाही. शैवालात तयार झालेली कॅरोटिनॉइडे तिला अन्नावाटे मिळतात आणि त्यांतील बीटा-कॅरोटिनपासून ती काही अंशी ॲस्टॅझँथिन बनविते. खाडीत तिला याची वाण पडत नाही. दाट संवर्धनाच्या तलावात मात्र तिची भिस्त आपण टाकलेल्या खाद्यावर असते. थायलंडमध्ये तलावातील टायगर कोळंबी निळी पडू लागली, तेव्हा किलोभर खाद्यात ५० मिलिग्रॅम ॲस्टॅझँथिन दिल्यावर सुमारे चार आठवड्यांत तिचा मूळ रंग परतला. हे संशोधन १९९३ साली प्रसिद्ध झाले.

फिकट मालास भाव कमी मिळतो, म्हणून आपले लक्ष रंगाकडे जाते. पण हे द्रव्य पेशींचे रक्षणही करते. पाण्यातील प्राणवायू घटला अथवा क्षारता एकाएकी बदलली, तर ते मिळालेली कोळंबी अधिक तग धरते, असे प्रयोगांत आढळले आहे. वजनवाढीविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. १९९४ पासून भारतातील तलावच्या तलाव रिकामे करणाऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगावर हे औषध नव्हे. पुडीवरील ‘रोगप्रतिबंधक’ हा शब्द वाचून जो बीजाची पीसीआर तपासणी टाळतो, तो साऱ्या हंगामाचे भांडवल पणास लावतो. पहाटे प्राणवायू मोजणे आणि तळातील गाळ काढणे यांनाही ही पुडी पर्याय नाही.

खरेदीपूर्वी आपल्या कांडी खाद्यात हे द्रव्य आधीच आहे काय, ते विचारून घ्यावे. भुकटीत शुद्ध रंगद्रव्य शेकडा १० असेल, तर वरील प्रमाणासाठी एक टन खाद्यास ५०० ग्रॅम भुकटी लागते. केवळ रंगासाठी द्यावयाचे असल्यास काढणीपूर्वीचे काही आठवडे पुरेत. ऊन, उष्णता व हवा यांनी ते नासते. त्यामुळे भुकटी थंड व अंधाऱ्या जागी घट्ट झाकून ठेवावी, आणि मत्स्यतेलात कालवून कांडीला चोळलेले खाद्य त्याच दिवशी संपवावे.