हाती राहिलेला पट्टा

मंडळी, जपानात हाकोने एकिदेन नावाची शर्यत असते. १९२० साली ती सुरू झाली. विद्यापीठांचे संघ २ जानेवारीला तोक्यो शहरातून हाकोनेच्या डोंगरात पळत जातात, दुसऱ्या दिवशी परत येतात. एका संघात दहा गडी. एकेकाने सहा-सात कोस पळायचे, आणि खांद्यावरचा कापडी पट्टा पुढच्याला द्यायचा. पूर्वी हरकारे टपाल पोचवीत ना, तस्सेच!

डोंगराचा चढ पाचव्या गड्याकडे. त्याचे आम्हांला कौतुक आहेच. पण मागे पडलेल्याचे बघा. ठरल्यापेक्षा जास्त मिनिटे उशीर झाला, की पंच पुढच्या गड्याला दुसरा पट्टा देऊन सोडतात. हा धापा टाकीत येतो, तर पट्टा घेणारा निघून गेलेला! तरी याचा वेळ संघाच्या हिशेबात धरतात. म्हणून हा रेघेपर्यंत पळतच येतो.