ओल काढण्याची विद्या
(नभोवाणीवरील भाषण)



पुराचे पाणी ओसरून नदी आपल्या पात्रात परतली आणि उंबरठ्यावरचा गाळ फावड्याने ओढून टाकला गेला, की घराचे जे नुकसान व्हायचे होते ते होऊन चुकले, असे आपण गृहीत धरतो. वास्तविक गिलाव्यात, चिऱ्यात आणि चौकटींच्या लाकडात मुरलेले पाणी त्यानंतरही आपले काम अव्याहत करीत असते. २४ ते ४८ तासांत ओली वस्तू सुकली नाही तर तिच्यावर बुरशी धरू लागते, दारे फुगून चौकटीत बसेनाशी होतात, आणि पुढे भिंतीला लोणा लागून रंगाचे पोपडे गळतात. जलबाधित वास्तू शास्त्रशुद्ध रीतीने कोरडी करून पूर्ववत् करणे हा अमेरिकेत एक स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. त्यात शिरणाऱ्या कारागिरास शिक्षण व परीक्षा यांतून नेऊन सनद देण्याची जी पद्धत तिथे रूढ झाली आहे, तिच्याविषयी आज मला आपल्यापुढे बोलावयाचे आहे.

या पद्धतीचा उगम गालिच्यांत आहे. आज ‘आयआयसीआरसी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी संस्था १९७२ साली निघाली ती गालिचे व गाद्यागिरद्या स्वच्छ करणाऱ्या कारागिरांना प्रमाणपत्रे देण्यासाठी. परंतु घरभर गालिचा अंथरलेल्या वास्तूत पाणी शिरले, म्हणजे गालिच्याबरोबर त्याखालची जमीन आणि तिला लागून असलेली भिंतही भिजलेली असते, आणि एक सुकवून दुसरे ओले ठेवण्यात काही अर्थ नसतो. १९९४ साली संस्थेने जलबाधित वास्तूंविषयीची मानके ‘एस ५००’ या नावाने प्रसिद्ध केली, आणि अनुभवाने, अंदाजाने चाललेल्या धंद्याला लेखी आधार मिळाला. तंत्रज्ञाचा पायाभूत वर्ग सुमारे तीन दिवसांचा असून त्याच्या अखेरीस परीक्षा होते.

या वर्गात पहिली गोष्ट शिकवली जाते ती पाणी ओळखण्याची. पिण्याच्या नळाचे पाणी पहिल्या प्रकारचे, कपडे धुण्याच्या यंत्रातून सांडलेले दुसऱ्या प्रकारचे, आणि मैलापाणी किंवा नदीच्या पुराचे पाणी तिसऱ्या, म्हणजे अत्यंत दूषित अशा प्रकारचे. शिवाय आज पहिल्या प्रकारात मोडणारे पाणी तुंबून राहिल्यास पुढील प्रकारात उतरते, हेही विद्यार्थ्याच्या मनावर ठसवले जाते. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसे दगावली, हे ज्यांना स्मरते, त्यांना हातमोजे व गमबूट यांवाचून पुराच्या पाण्यात उतरू नये या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

यानंतर येते ते हवेचे शास्त्र. साचलेले पाणी बाष्परूपाने घालवण्यापेक्षा पंपाने खेचून घेणे कितीतरी सोपे, म्हणून प्रथम उपसा. मग राहिलेली ओल हवेत यावी यासाठी पंखे, आणि हवेतली ओल काढून घेण्यासाठी आर्द्रताशोषक यंत्रे. पंखे लावून दारे-खिडक्या उघड्या टाकल्या म्हणजे घर सुकते, ही आपली समजूत आषाढात दोरीवर टाकलेले धोतर खोटी ठरवते, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. भिंत सुकली हे ठरवायचे तेही हात लावून नव्हे: त्याच इमारतीतील न भिजलेल्या तशाच भिंतीत ओलावा किती आहे हे मापकाने पाहून, भिजलेली भिंत त्या आकड्याजवळ येईपर्यंत रोजच्या रोज नोंद ठेवायची. आपल्याकडील पंचनाम्यात एका दिवसाची हानी लिहिली जाते. या नोंदवहीत हानी थांबेपर्यंतचा प्रत्येक दिवस लिहिला जातो.

सनदेचे महत्त्व इथेच आहे. ज्याचे घर बुडाले, तो गृहस्थ त्या घटकेला खचलेला असतो. भिंत आतून कोरडी झाली की नाही, हे त्याला पाहता येत नाही, आणि सुकवण्यापूर्वीच नवा रंग फासून निघून जाणाऱ्याला तो अडवूही शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी आधीच परीक्षा घेऊन ठेवलेली असणे, हा त्याला मिळालेला न्याय आहे. तीन दिवसांत कोणी निष्णात होत नाही, हे खरे; म्हणूनच तिथे पुढचा वर्ग मुद्दाम पाणी सोडून भिजवलेल्या घरात प्रत्यक्ष काम करून शिकवण्याची प्रथा आहे, आणि सनद टिकवण्यासाठी शिक्षण चालू ठेवण्याची अट आहे.

ही पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी आणून भागणार नाही. अमेरिकन घर बहुधा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून बांधलेले. पुरात भिजलेला तक्ता कापून फेकता येतो. कोकणातल्या जांभ्याची, देशावरच्या मातीची वा विटांची जाड भिंत कापून टाकता येत नाही, आणि तिच्या पोटातली ओल फार सावकाश निघते. तेव्हा पाठ्यक्रम इथल्या भिंतींवर मापने घेऊन इथेच रचावा लागेल. २०१९ साली सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ साली चिपळूण-महाडने जे भोगले, ते पाहता या गावांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गवंडी, सुतार आणि वायरमन तिथे आहेतच. त्यांच्या हाती ओलावा मोजण्याचे मापक आणि हवेचे शास्त्र द्यावयाचे आहे. पूर आल्यावर शिकवण्यास सवड नसते. म्हणून वर्ग वैशाखात भरावेत, परीक्षा मृगापूर्वी उरकावी, आणि उत्तीर्ण कारागिरांची यादी प्रत्येक तहसील कचेरीत पावसाळ्याआधी लावलेली असावी.