भुंग्याचे गणित

(व्याख्यानमालेतील भाषणाची संपादित संहिता)



व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आणि कधी कधी बौद्धिक वर्गांतूनही एक कथा हमखास ऐकावयास मिळते. भुंग्याचे शरीर जड, पंख तोकडे. विज्ञानाच्या नियमांनुसार त्याला उडता येणे अशक्य. पण भुंग्याला ते विज्ञान ठाऊक नाही, म्हणून तो उडतो! टाळ्या पडतात, कार्यकर्ता नव्या उमेदीने घरी जातो. सांगणाऱ्याचा हेतू उत्तम असतो, यात शंका नाही. अडचण एवढीच, की कथा खरी नाही. शिवाय ती ऐकणाऱ्या आठवी-नववीच्या विद्यार्थ्याच्या मनात नकळत एक समज रुजतो, की गणित हे जिद्दीचे वैरी आहे.

या कथेचे मूळ बहुधा फ्रान्समधील आहे. आंत्वान मान्यां यांनी कीटकांच्या उड्डाणावरील आपल्या १९३४ सालच्या ग्रंथात असे नमूद केले, की विमानविद्येतील हवेच्या प्रतिरोधाचे नियम कीटकांना लावले असता त्यांचे उड्डाण अशक्य ठरते. हे गणित त्यांनी सेंत-लाग्यू या गणितज्ञाच्या साहाय्याने केले होते. गणितात चूक नव्हती, गृहीतकात होती. विमानाचा पंख स्थिर असतो, कीटकाचा नसतो.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. इंग्रजी कथेतील कीटक ‘बम्बलबी’ म्हणजे थंड प्रदेशातील केसाळ माशी. भारतात ती प्रामुख्याने हिमालयात आढळते. महाराष्ट्रात भुंगा म्हणतात तो काळा, चकचकीत, घराच्या वाशांना व बांबूला भोक पाडून राहणारा कीटक निराळाच. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात स्नेहाचे बंधन किती चिवट असते हे सांगताना, कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा दृष्टान्त येतो. त्यातील भ्रमर तो हाच. त्या ओवीत वायुगतिशास्त्र शोधू नये. तेथे आहे ते डोळसपणे केलेले निरीक्षण, आणि लाकडाविषयीचे ते निरीक्षण अगदी अचूक आहे. भुंग्याविषयी बोलण्याची ही आपल्या घरची रीत असताना आयात केलेल्या चुटक्याची गरज का भासावी?

मग भुंगा उडतो कसा? विहिरीत उभ्याने तरंगणारा पोहणारा आठवावा. तो तळहात पाण्यात आडवे मागेपुढे फिरवतो आणि प्रत्येक फेरीला त्यांची तिरकी बाजू पालटतो. घिरट्या घालणारे बहुतेक कीटक हवेत हेच करतात. पंख केवळ वरखाली आपटत नाही. तो पुढे जातो, टोकाशी पहुडल्याप्रमाणे उलटतो आणि मागे येतो. दोन्ही फेऱ्यांत वजन पेलले जाते. विमानाचा पंख साधारण १५ अंशांहून अधिक तिरका झाला, तर त्याच्यावरील प्रवाह तुटतो आणि उचल ढासळते. कीटकाचा पंख ४० अंशांच्या आसपासही कार्य करतो, कारण त्याच्या पुढच्या कडेवर हवेचा एक भोवरा तयार होतो. त्या भोवऱ्यात दाब कमी असतो, त्यामुळे पंख वर खेचला जातो. आणि भोवरा निसटण्यापूर्वीच फेरी संपलेली असते.

हा भोवरा १९९६ मध्ये केंब्रिज येथे चार्ल्स एलिंग्टन व सहकाऱ्यांनी पतंगावर आणि त्याच्या मोठ्या यांत्रिक प्रतिकृतीवर धूर सोडून दाखवून दिला. पुढे १९९९ मध्ये बर्कली येथे मायकेल डिकिन्सन, फ्रिट्झ-ओलाफ लेमन आणि संजय साने यांनी फळमाशीच्या पंखाची कित्येक पटींनी मोठी प्रतिकृती खनिज तेलाच्या टाकीत हळूहळू फडफडवली. घट्ट तेलात मोठा पंख संथ फिरला, तर त्याभोवतीचा प्रवाह हवेत वेगाने फिरणाऱ्या चिमुकल्या पंखाभोवतीच्या प्रवाहासारखाच असतो. पंख उलटण्याच्या क्षणीही उचल मिळते, हे त्यातून मोजता आले.

स्नायूंची रचना याहूनही विस्मयकारक आहे. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. इतक्या वेगाने प्रत्येक फेरीसाठी मज्जातंतूने स्वतंत्र आज्ञा देणे शक्य नाही, आणि तशी आवश्यकताही नाही. मुख्य उड्डाणस्नायू पंखांना जोडलेले नसून वक्षाच्या कवचाला आतून जोडलेले असतात. एक जोडी कवचाचे छत खाली ओढते आणि पंख वर जातात. दुसरी जोडी कवच लांबीच्या दिशेने आवळते, छत फुगते आणि पंख खाली येतात. एका जोडीच्या आकुंचनाने दुसरी ताणली जाते, आणि ताणली जाताच ती स्वतःहून आकुंचन पावते. मज्जातंतूचा संदेश अधूनमधून पोहोचला तरी पुरतो. २००५ मध्ये मधमाश्यांना विरळ वायूत उडवून पाहिले, तेव्हा त्यांनी फडफडीचा वेग जवळजवळ तोच ठेवला आणि एरवी सुमारे ९० अंशांचा असणारा पंखांचा झोका रुंद केला. मकरंदाचे ओझे घेऊन परतण्यासाठी लागणारी शिल्लक शक्ती ती हीच.

पहिले गणित चुकले म्हणून या संशोधकांनी गणित सोडले नाही. अधिक चांगले गणित मांडले. या कामात भारताचा वाटा केवळ श्रोत्याचा नाही. संजय साने पुढे बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये आले. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी गाठीसारखी टोके असलेले दोन दांडे असतात. शरीर किती वळले, हे माशीला त्या दांड्यांवरून कळते. पंख आणि हे दांडे एकमेकांशी ताल कसा राखतात? तन्वी देवरा, अमित सिंग आणि साने यांनी २०१५ मध्ये दाखविले, की हा ताल वक्षाच्या कवचातील यांत्रिक जोडण्या राखतात. एका बाजूचा पंख हलला, की दुसरा त्याच तालात हलतो.

उन्हाळ्याच्या सकाळी कोकणातील एखाद्या जुन्या घराच्या ओटीवर बसले, की वाशाजवळ एकाच जागी हवेत थबकलेला नर भुंगा दिसतो. त्याचे पंख दिसत नाहीत. शरीराच्या दोन्ही बाजूंना नुसती काळसर धूसर छटा असते, आणि तिचा गुणगुणाट ओटीपर्यंत ऐकू येतो.