ताट वाढण्याआधी

आमच्या गटातली एक ख्रिस्ती ताई पोरांना घरीच शिकवते. तिचा प्रश्न असा, की रोज प्रार्थनेला बसवलं की पोरं चुळबुळ करतात. रागावलं तर जास्तच टाळतात. काय करू?

नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी येशूची भजनं, अभंग आपल्या मराठी वळणात लिहिले. चर्चमध्ये ते अजून गातात. मग घरीही आधी एक भजन होऊ द्या, टाळ पोराच्याच हातात द्या. नंतर प्रत्येकानं आपल्या मनातलं एकच वाक्य बोलावं. धाकटीनं शेळीसाठी मागितलं तरी हसू नका हं! कापूस वेचणीच्या दिवसांत घड्याळ कोण पाळतं? म्हणून ताट वाढण्याआधीची वेळ धरा. जेवण काही चुकत नाही. फार दमलात, तर त्या दिवशी नुसतं भजन पुरे.