सुटलेल्याने सोडवावे कसे?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा जो पायंडा पाडला, त्यात व्याख्याता म्हणजे काहीतरी जाणणारा मनुष्य, अशी एक समजूत आहे. आमची पंचाईत इथेच आहे. आमच्यापाशी कसलीही पदवी नाही. आमच्या अंगी असलाच तर एक अधिकार आहे. आम्ही पाचसहा शेजारी वीस-वीस वर्षे विडी-सिगारेट ओढीत होतो, आणि आता ओढीत नाही. दर रविवारी सकाळी आम्ही एकाच्या ओसरीवर जमतो, आणि ज्याला सोडावयाची आहे त्याला सोबत करतो. हे करताना आम्ही जे शिकलो, आणि जिथे चुकलो, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

धूम्रपान वाईट, हे सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतील रोग्यांना प्रश्न विचारून फुप्फुसाचा कर्करोग आणि सिगारेट यांचा संबंध दाखवून दिला. डॉल स्वतः ओढणारे होते. आपल्याच आकड्यांचा अर्थ ध्यानी आल्यावर त्यांनी सिगारेट सोडली, आणि ते ९२ वर्षे जगले. पुढे १९५१ पासून त्यांनी ३४,४३९ ब्रिटिश पुरुष डॉक्टरांच्या सवयींचा आणि मृत्यूंचा हिशेब ठेवला. २००४ साली त्या पन्नास वर्षांचा निष्कर्ष आला. जन्मभर ओढणारा मनुष्य न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी १० वर्षे आधी जातो. मात्र साठाव्या वर्षी सोडली तर सुमारे ३ वर्षे परत मिळतात, पन्नासाव्या वर्षी ६, चाळिसाव्या वर्षी ९, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळी दहा. 'आता या वयात सोडून काय उपयोग?' असे जे म्हणतात, त्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

परंतु हे ज्ञान पाकिटावर छापलेले असूनही पाकीट विकले जाते. मग अडते कोठे? धुरातले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते, आणि क्षणभर बरे वाटते. असे दिवसातून शेपन्नास वेळा, वर्षानुवर्षे घडले म्हणजे मेंदू त्याची वाट पाहू लागतो. मग चहाचा कप दिसला की हात खिशाकडे जातो, जेवण झाले की जातो, साहेब रागावला की जातो. सोडल्यावर पहिले दोनतीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचिड होते, झोप उडते, मन कशात लागत नाही. साधारण तीनचार आठवड्यांत हा जोर ओसरतो. म्हणजे सोडणाऱ्याला उपदेश फारसा लागत नाही. त्याला लागते या दिवसांतली सोबत.

ही सोबत करताना आमच्या हातून आरंभी दोन चुका झाल्या. पहिली चूक कीर्तनकाराची. जो भेटेल त्याला आम्ही निरूपण ऐकवू लागलो. परिणाम असा की ओळखीची माणसे आम्हांला पाहून गल्ली बदलू लागली! दुसरी चूक पोलिसाची. एका गृहस्थाच्या पत्नीच्या सांगण्यावरून आम्ही त्याच्या सदऱ्याचा वास घेऊ लागलो. त्याने विडी सोडली नाही. फक्त वेलदोडा खाऊन घरी येण्यास सुरुवात केली. ज्याच्यावर पहारा ठेवावा तो लपविण्यात तरबेज होतो, सोडण्यात नव्हे.

यातून आम्ही एक रीत ठरविली. आधी विचारावयाचे, 'सोडावीशी वाटते का?' नाही म्हणाला, तर विषय तिथेच संपवून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करावयाची. होय म्हणाला, तर तारीख त्यालाच ठरवू द्यावयाची. त्या दिवसापासून पहिले तीन दिवस संध्याकाळी एकाने त्याच्याबरोबर फिरावयास जावयाचे, आणि नेहमीच्या टपरीवरून जाणारा रस्ता टाळावयाचा. खिशात बडीशेप ठेवावयाची. तल्लफ आली की पाणी प्यावयाचे आणि थोडा वेळ काढावयाचा. ती लाट काही मिनिटांत ओसरते. ज्याला हे झेपत नाही त्याने डॉक्टरांकडे जावे. निकोटिनचा डिंक किंवा इतर औषध घेण्यात कमीपणा नाही. सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवाही २०१६ पासून आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. आम्ही तो चिठ्ठीवर लिहून देतो.

इथे एक इशारा. आपल्या देशात धुरापेक्षा चघळण्याच्या तंबाखूच्या आहारी गेलेले अधिक सापडतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.७ टक्के धूम्रपान करणारे निघाले, तर तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे असे २१.४ टक्के. म्हणून विडी टाकून चुना-तंबाखूची डबी उघडणाऱ्याचे आम्ही अभिनंदन करीत नाही. त्याने कोठडी बदलली, तुरुंग तोच राहिला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुसऱ्याला आधार देण्याने आधार देणाऱ्याचे काय होते? १९३५ सालची गोष्ट आहे. बिल विल्सन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ काही महिन्यांपूर्वीच दारूतून सुटला होता. धंद्यानिमित्त तो ॲक्रन गावी गेला, तेथे त्याचे काम फसले, आणि पाय पुन्हा मद्याकडे वळू लागले. त्या वेळी त्याला सुचले ते असे : दुसरा एखादा दारुडा शोधावा आणि त्याच्याशी बोलावे. त्याला बॉब स्मिथ नावाचे एक डॉक्टर भेटले. त्या बोलण्याने विल्सन वाचला आणि डॉक्टरही सुटले. पुढे जगभर पसरलेल्या मद्यमुक्तांच्या संघटनेचा उगम या भेटीत आहे. दुसऱ्याला हात देणारा स्वतः उभा राहतो, याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाही.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्या विल्सनच्या वाटेने असंख्य माणसे दारूतून सुटली, त्याला सिगारेट मात्र वेळेवर सुटली नाही. १९७१ साली तो फुप्फुसे निकामी होऊन वारला. म्हणजे मदत करणे हे कवच आहे, पण ते सगळे अंग झाकीत नाही.

आमच्या ओसरीवर हे प्रत्यक्ष घडले. आमच्यातील जे सर्वांत वडील, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, त्यांनी आठ वर्षे विडीला हात लावला नव्हता. त्यांच्या शब्दावर कितीतरी लोकांनी सोडली होती. मग त्यांचा धाकटा भाऊ वारला. स्मशानात कोणीतरी विडी पुढे केली आणि नानांनी ती घेतली. 'एकच' म्हणून घेतली. तेराव्यापर्यंत रोजच्या पाच झाल्या. रविवारी ते ओसरीवर येत, नेहमीसारखे बोलत, आणि घरी जाऊन गच्चीवर ओढीत. आम्हांला सुगावाही लागला नाही. लागला तो शेजारच्या एका तरुण मुलाला, ज्याने नानांच्याच सांगण्यावरून तीन महिन्यांपूर्वी सिगारेट टाकली होती. एका रात्री त्याने गच्चीवर ठिणगी पाहिली. तो काही बोलला नाही. फक्त पुढच्या रविवारी आला नाही.

तो का आला नाही, हे नानांना न सांगता कळले. त्या रात्री ते त्याच्या दारी गेले. सत्तरीचा मनुष्य बावीस वर्षांच्या पोराच्या उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, 'बाळ, मी घसरलो. तुला सांगायला हवे होते, आणि मी लपवले. उद्यापासून माझा पुन्हा पहिला दिवस. संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येशील का?' तो मुलगा आला. तीन दिवस आला. नाना पुन्हा सुटले. तो मुलगा आमच्यापाशी नंतर म्हणाला, 'त्यांनी लपवलेच असते, तर मीही ओढली असती.'

त्या दिवसापासून आमचे चार नियम आहेत. ज्याने सोडली त्याला 'एकच' हा शब्द नाही. दुसऱ्याला समजावण्याच्या निमित्ताने ओढणाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहावयाचे नाही. तेथे उपदेश थोडा होतो आणि धूर अधिक मिळतो. घसरलो तर त्याच दिवशी सांगावयाचे, आणि घसरलेल्याला कोणी हिणवावयाचे नाही. चौथा नियम सर्वांत अवघड आहे : दुसऱ्याने सोडली तर ती त्याची कमाई समजावयाची. नानांना घसरण सांगता आली नाही, याचे कारण त्यांच्या सांगण्यावरून सुटलेल्यांची संख्या आम्हीच येता-जाता मोजून दाखवीत होतो. त्यांना आदर्श करून आम्ही त्यांची बोलण्याची वाट बंद केली होती. तो दोष आमचा होता.

आमच्यासारख्या चारदोघांनी काय होणार, असे कोणी विचारील. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीतील १२,०६७ माणसांचा १९७१ ते २००३ या काळातला हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला. नवराबायकोपैकी एकाने सोडली, तर दुसऱ्याच्या ओढण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली. मित्राने सोडली, तर ३६ टक्क्यांनी. माणसे एकेकटी सुटण्यापेक्षा घोळक्याने सुटतात. विडी जशी एकाच्या काडीवर दुसरा पेटवतो, तशी ती विझवताही येते.

या मंडपात कोणाच्या खिशात पाकीट असेल. ते इथे फेकून दाखवा, असे आम्ही म्हणणार नाही. भर सभेत घेतलेली शपथ पुष्कळदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतच टिकते. घरी जा, विचार करा, तारीख ठरवा, आणि ती एका माणसाला सांगा. आणि ज्यांनी पूर्वीच सोडली आहे त्यांना एवढीच विनंती, की आज रात्री ज्याला तारीख सांगावी असा कोणीतरी एक मनुष्य त्याला हवा असेल. तो मनुष्य आपण व्हा. वर चढून बसू नका, शेजारी बसा.